कांचनच्या शाळेची तीन कोटेशनं

रविवारी सकाळी नरहरराव देवपुजारींनी जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी उचलून ओट्यावर ठेवली, टेबल पुसलं आणि त्यावर एक नवी कोरी फाईल उघडली. फाईलवर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'कु. कांचन - शाळा (परदेश) - १९८७', आणि खाली रेघ मारली. वंदनाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वळवून फाईलकडे पाहिलं आणि पुन्हा पोळपाटाकडे पाहिलं. सतरा वर्षांच्या संसारात त्यांनी फ्रीजची फाईल पाहिली होती, गीझरची पाहिली होती, मोरीतल्या नळाचीही पाहिली होती. मुलीची ही पहिलीच.

नरहरराव कारखान्याच्या खरेदी विभागात अधिकारी होते. भोपाळच्या त्या टाऊनशिपमध्ये माणसाची ओळख विभागावरून सांगत, आणि नरहररावांच्या बाबतीत विभाग कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो हे सांगणं कठीण होतं. बावीस वर्षांत त्यांच्या एकाही फाईलवर ऑडिटचा आक्षेप आला नव्हता. ही गोष्ट ते आपणहून सांगत नसत. समोरच्यानं विचारावं म्हणून थांबत. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय त्यांनी कारखान्यात खिळा आणला नव्हता आणि घरात गादी. लग्नाच्या वेळी नागपुरात मुलीसुद्धा त्यांनी तीनच पाहिल्या होत्या. बाकीच्या दोघींत काय कमी निघालं, असं वंदनाबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "ते गोपनीय असतं."

फाईल उघडण्याचं कारण असं, की कारखान्यानं ओमानमध्ये वीजघर उभारायचं काम घेतलं होतं. साईटवरची खरेदी सांभाळायला तीन वर्षांसाठी एक माणूस हवा होता आणि पॅनेलवर पहिलं नाव नरहररावांचं होतं. एक जुलैला हजर व्हायचं होतं आणि कुटुंबाला नेता येणार होतं. अट एकच होती. शाळेत जाणारं मूल असेल, तर तिथल्या शाळेचं प्रवेशपत्र तीस एप्रिलच्या आत साईटच्या ऑफिसात पोचायला हवं. त्याशिवाय पुढचे कागद हलणार नव्हते. साईटच्या गावात खाजगी शाळा दोन होत्या, एक इंग्रजांची आणि एक आपल्याकडच्या लोकांनी चालवलेली. फी कंपनी भरणार होती, म्हणजे ती काळजी नव्हती.

"आपल्या लोकांच्या शाळेला हो म्हणून कळवा आणि मोकळे व्हा," वंदनाबाई म्हणाल्या.

"असं कसं कळवायचं? माहिती नको मागवायला?"

"मुलीला शाळेत घालायचंय. ती काय तिथून वॉशर पुरवणारेय का तुम्हाला?"

नरहरराव शाळांना पाठवायच्या प्रश्नावलीचा आठवा मुद्दा लिहीत होते.

प्रश्नावली एकतीस मुद्द्यांची झाली. शिक्षक रजेवर गेल्यास पर्यायी व्यवस्था काय, प्रयोगशाळेत नळ किती, प्रवेश दिल्यानंतर विद्यार्थिनी नापास झाल्यास जबाबदारी कोणाची, पूर, वादळ किंवा युद्ध उद्भवल्यास सहामाही परीक्षेचं काय, असे ते मुद्दे होते. हाताखालच्या विलासनं सोमवारी ते इंग्रजीत टाईप केले. विलासचा मुलगा कांचनच्याच वर्गात होता, आणि ओमानच्या पॅनेलवर दुसरं, म्हणजे राखीव नाव विलासचं होतं. राखीव नावाला कुणी कधी विचारत नाही, म्हणून तोही काही बोलत नसे.

"सर, हा सव्विसावा मुद्दा ठेवायचा का?" त्यानं विचारलं. "'गेल्या पाच वर्षांतल्या समाधानी पालकांची यादी.'"

"का? तुला काय वाटतं?"

"नाही, म्हणजे शाळा आहे ना सर, म्हणून विचारलं."

"शाळेला पालक नसतात का?"

विलासनं मुद्दा ठेवला.

तीन आठवड्यांनी ओमानहून दोन्ही उत्तरं आली. इंग्रजांच्या शाळेनं गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका पाठवली होती. तिच्यात घोड्यावर बसलेल्या मुली होत्या आणि सोबतच्या पत्रात, आम्ही प्रश्नावल्या भरत नाही, आधी मुलीला भेटायला आवडेल, असं लिहिलं होतं. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी हातानं चार ओळी लिहिल्या होत्या. जागा आहे, मुलीला पाठवा, बाकीचं आलात की बोलू, फक्त तीस एप्रिलपर्यंत हो किंवा नाही एवढं कळवा.

"किती बरा माणूस आहे," वंदनाबाई म्हणाल्या.

"एकतिसातल्या एकाही मुद्द्याला उत्तर नाही," नरहरराव म्हणाले. "आणि कोटेशनं दोनच झाली."

दोन कोटेशनांचं हे दुखणं त्यांनी संध्याकाळी काशिनाथांपुढे मांडलं. काशिनाथ समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि फायनान्समध्ये होते. खरेदीच्या प्रत्येक फाईलवर नरहररावांच्या सहीखाली त्यांची सही असायची. वीस वर्षांत तो शिरस्ता इतका अंगवळणी पडला होता, की देवपुजारींकडे पूजेची तारीख ठरली तरी नरहरराव एकदा काशिनाथांना विचारून येत.

"दोनवर माझी सही होणार नाही, नरहरराव," काशिनाथ चहाची बशी खाली ठेवत म्हणाले. "दोन म्हणजे भांडण. तीन म्हणजे प्रक्रिया."

"पण त्या गावात शाळाच दोन आहेत."

"मग तिसरं नावापुरतं घ्यायचं. आपण ऑफिसात काय करतो?"

ऑफिसात काय करत ते दोघांनाही माहीत होतं. एखादी वस्तू दोनच ठिकाणी मिळत असेल, तर तिसरं कोटेशन शेजारच्या गोविंदपुरा वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराकडून मागवायचं. त्याला ती वस्तू पुरवायची नसे, बनवताही येत नसे. आपल्या लेटरहेडवर एक कागद द्यायचा आणि फाईल पूर्ण करायची, एवढंच त्याचं काम. गोविंदपुऱ्यात असे काही गृहस्थ होते, ज्यांची उमेदीची वर्षं तिसरं कोटेशन देण्यातच सरली होती.

नरहररावांची अडचण अशी, की ते प्रामाणिक होते. बाकीचे लोक तिसरा कागद खोटा आणत. यांनी तो नेहमी खरा मागवला होता. तेव्हा तिसरी शाळाही खरीच हवी होती. काशिनाथांनी हिंदी पेपरातली एक जाहिरात कापून दिली. पचमढीला मुलींची निवासी शाळा होती. नरहररावांनी तिलाही एकतीस मुद्दे पाठवून दिले.

याच सुमारास त्यांनी आणखी एक काम वक्तशीरपणे उरकलं. टाऊनशिपच्या शाळेतून मूल काढायचं असेल, तर एकतीस मार्चच्या आत अर्ज द्यावा लागे, कारण त्या शाळेतल्या जागेसाठी बाहेरच्यांची लांबलचक यादी असायची. नरहररावांनी कांचनचा अर्ज मुदतीच्या अकरा दिवस आधीच देऊन टाकला. शाळेच्या बाबूनं दाखल्यावर शिक्का मारला, यादीतल्या पहिल्या मुलाच्या बापाला त्याच दुपारी निरोप पाठवला, आणि नरहररावांना म्हणाला, "आप जैसे लोग हों तो हमारा काम कितना आसान हो जाए, साहब."

हे कौतुक नरहररावांनी घरी येऊन सांगितलं. कांचन अभ्यास करत होती. "म्हणजे मेरा नाम कट गया?" तिनं विचारलं. नरहरराव म्हणाले, तसं नाही, रीतसर कमी झालं.

पचमढीचं उत्तर आठव्या दिवशी आलं, रजिस्टर पोस्टानं आणि तीन प्रतींत. एकतीसच्या एकतीस मुद्द्यांची टाईप केलेली उत्तरं होती, प्रत्येक पानावर सही होती, शिक्का होता. नळ अठरा होते. युद्ध झाल्यास परीक्षा पुढच्या सत्रात घेतली जाणार होती. समाधानी पालकांची नावं पत्त्यांसकट दिली होती आणि त्यांत दोन निवृत्त न्यायाधीश होते. नरहररावांनी वाचता वाचता चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. बावीस वर्षांत त्यांची प्रश्नावली पूर्ण भरून कुणी परत पाठवली नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर तौलनिक तक्ता पसरला गेला. समितीत तिघं होते. खरेदीतर्फे नरहरराव, फायनान्सतर्फे काशिनाथ आणि ज्यांना वस्तूची गरज आहे त्यांच्यातर्फे वंदनाबाई.

कांचन दारात उभी होती. "आणि मी कोण आहे इसमें?"

काशिनाथांनी थोडा विचार केला. "तू म्हणजे तसं पाहिलं तर मटेरियल," ते म्हणाले, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी खिशातली लिमलेटची गोळी काढून दिली. तिनं ती घेतली नाही.

तक्त्याचं काम वीस मिनिटांत संपलं. इंग्रजांची शाळा प्रश्नावली भरायला नकार दिल्यामुळे अपात्र ठरली. आपल्या लोकांची शाळा उत्तरं कोरी सोडल्यामुळे अपात्र ठरली. उरलेल्या एका शाळेसमोर नरहररावांनी हिरव्या शाईनं खूण केली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिघंही त्या खुणेकडे बघत बसले.

"अहो," वंदनाबाई म्हणाल्या, "ही शाळा पचमढीत आहे."

"हो."

"आपण ओमानला चाललोय."

नरहररावांनी प्रश्नावली पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. काशिनाथांनी त्यांच्या खांद्यावरून वाचली.

"ठिकाणाचा मुद्दा घातलाच नव्हता," काशिनाथ हलक्या आवाजात म्हणाले.

नरहरराव मूर्ख नव्हते, हे इथे सांगायला हवं. आपल्या हातून काय झालंय ते त्यांना तिथल्या तिथे कळलं आणि त्यांचे कान लाल झाले. पण चूक झाली तर ती दुरुस्त करायचीही एक रीत असते. सगळी प्रक्रिया रद्द करायची आणि पुन्हा पहिल्यापासून मागवायची. त्यांनी बत्तिसावा मुद्दा घातला, 'सदर शाळा ओमानमध्ये आहे काय?', आणि दुसऱ्या दिवशी विलासकडून तिन्ही शाळांसाठी नवी प्रश्नावली टाईप करून घेतली.

"तार करा हो त्या मास्तरांना," वंदनाबाई रोज म्हणत. "एक शब्द पाठवा. हो म्हणा."

"फेरमागणी चालू असताना एकालाच तार करायची? ऑडिटला काय सांगणार?"

"कुठलं ऑडिट? घरात कोण येणारेय ऑडिटला?"

"कुणी येत नाही म्हणून वाटेल तसं वागायचं नसतं."

विमानाच्या टपालाला जायला दहा-बारा दिवस आणि यायला तेवढेच लागत. तीस एप्रिल आला आणि गेला. वंदनाबाईंनी तोवर दोन बॅगा भरल्या होत्या. त्यांतून त्यांनी एकेक करून रोज लागणारे कपडे परत बाहेर काढायला सुरुवात केली. सहा मे रोजी, साईटवरून रजेवर आलेल्या एका माणसाच्या हाती, त्या मुख्याध्यापकांचं पत्र आलं. 'तुमच्या मुलीसाठी जागा शेवटच्या दिवसापर्यंत राखली होती. तुम्ही दुसऱ्यांदा प्रश्नावली पाठवलीत, यावरून तुमचं मन इथे नाही असं समजलो. जागा भोपाळहूनच पत्र आलेल्या एका मुलाला दिली आहे. आमची शाळा ओमानमध्ये आहे.'

दोन दिवसांनी महाप्रबंधकांनी बोलावलं. ते घाईत होते.

"देवपुजारीजी, साईट वाले पूछ रहे हैं, बच्ची के स्कूल का क्या हुआ?"

"सर, प्रक्रिया में है।"

"उनको आदमी चाहिए, भाई, प्रक्रिया नहीं चाहिए।"

बारा मेला विलासच्या नावाची ऑर्डर निघाली. विलास ती घेऊन नरहररावांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पेढे आणावेत की नाही हे त्याला ठरवता आलं नव्हतं, म्हणून त्यानं ते ड्रॉवरमध्येच ठेवले होते.

"तुझ्या मुलाच्या शाळेचं?" नरहररावांनी विचारलं.

"झालंय सर. एक तारखेलाच त्यांची तार आली. प्रवेशपत्र त्यांनी तीस तारखेलाच तिथल्या साईटच्या ऑफिसात दिलं."

"तू कधी लिहिलं होतंस?"

"तुमची दुसरी प्रश्नावली टाईप केली ना सर, त्याच दिवशी. म्हटलं, राखीव नाव आहे, नाही लागलं तर नाही." विलास बुटांकडे बघत होता. "तुम्ही त्यांना हो म्हणाला असतात, तर मी जागा घेतलीच नसती, सर. खरंच."

"किती शाळांना लिहिलंस?"

"एकाच."

"आणि काय लिहिलंस?"

"मुलगा आहे, येतो, एवढंच."

नरहररावांनी मान हलवली आणि त्याचं अभिनंदन केलं. आवाज त्यांचा नेहमीसारखाच होता, पण त्या दिवशी ते डबा न उघडता घरी घेऊन गेले.

म्हणजे आता परिस्थिती अशी होती. नरहरराव भोपाळमध्ये राहणार होते आणि वंदनाबाईही. क्वार्टर होतं, फ्रीज होता. फक्त कांचनला शाळा नव्हती. टाऊनशिपच्या शाळेच्या यादीत तिचा नंबर एक्केचाळिसावा लागला. "आपने तो बहुत जल्दी दे दी थी ना अर्ज़ी," बाबू कळवळून म्हणाला. शहरातल्या बऱ्या शाळांचे प्रवेश केव्हाच आटोपले होते. वंदनाबाईंनी भर उन्हात बसनं फिरून बाकीच्या पाहिल्या. एकीत आठवीचा वर्ग नव्हता, एकीत मुलींना घेत नव्हते आणि एकीत वर्ग होता, मुली होत्या, पण मास्तर कुणालाच माहीत नव्हते. परीक्षा आणि सुट्टी आटोपल्यावर, जूनच्या मध्यावर, पचमढीहून रजिस्टर पत्र आलं, तीन प्रतींत. नव्या प्रश्नावलीच्या बत्तिसाव्या मुद्द्याचं उत्तर त्यांनी 'नाही' असं दिलं होतं, आणि जागा अजून शिल्लक असल्याचं कळवलं होतं.

तीन जणांच्या त्या घरातून शेवटी परमुलखाला गेलं कोण, तर कांचन.

हबीबगंजच्या फलाटावर तिची पत्र्याची ट्रंक मधोमध ठेवून तिघं उभे होते. तिथून गाडीनं पिपरिया आणि पिपरियाहून बसनं वर. नरहरराव पोचवायला जाणार होते. वंदनाबाईंनी तिला दशम्या दिल्या, केसांना नवी रिबीन बांधली आणि गाडी हलल्यावर तोंडाला पदर लावून तिथेच बाकावर बसून राहिल्या. वाटेत कांचन खिडकीबाहेर बघत होती. नरहररावांनी तिला नर्मदा कुठे लागेल ते सांगितलं, बोगदा कुठे येईल ते सांगितलं. ती दर वेळी "हां" म्हणाली. शाळेच्या फाटकाशी त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "जा तुम्ही बाबा, तुमची बस सुटेल," आणि आत गेली.

त्यानंतर वंदनाबाई नवऱ्याशी फक्त जेवणापुरतं बोलू लागल्या. "वाढू?" आणि "भात घेणार?" एवढंच. काशिनाथ एकदोन रविवार आले, मग त्यांनाही चहा गळ्याखाली उतरेना. कांचनची पत्रं महिन्यातून दोनदा येत. 'मी बरी आहे. तुम्ही बरे असाल. अभ्यास चालू आहे.' नरहरराव ती पत्रं ऑफिसात नेत आणि दुपारी पुन्हा वाचत. त्यांना मुलीची आठवण यायची आणि ती आली की छातीत दुखल्यासारखं व्हायचं. एकदा तर त्यांनी कारखान्याच्या दवाखान्यात जाऊन तपासूनही घेतलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही.

मग सप्टेंबरपासून त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांना ओळखणाऱ्या कुणी खरी मानली नसती. ड्युटी संपली की ते टाऊनशिपच्या शाळेत जाऊन बाबूसमोर बसू लागले. हातात अर्ज नाही, फाईल नाही. "देखिए ना, कुछ कीजिए," एवढंच म्हणायचे. बाबू म्हणायचा, नंबर आहे, नियम आहे. नरहरराव म्हणायचे, "नियम मुझे मालूम है।" आणि बसून राहायचे. सहा आठवडे बाबूनं हे सोसलं. ऑक्टोबरच्या शेवटी आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांची बदली झाली, आणि यादीतल्या चाळीस जणांना काय सांगितलं ते बाबूलाच ठाऊक, पण शनिवारी दुपारी त्यानं नरहररावांच्या हातात चिठ्ठी ठेवली. सोमवारी सकाळी अकराच्या आत मुलीला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

रविवारी सकाळच्या गाडीनं नरहरराव निघाले. पचमढीला पोचले तेव्हा तीन वाजले होते. परतीची शेवटची बस पाचची होती. तीच पकडली तर सोमवारी अकराच्या आत भोपाळ गाठता येणार होतं.

शाळेच्या मागच्या व्हरांड्यातून मुलींच्या हसण्याचा मोठा आवाज येत होता. नरहरराव खांबाशी थांबले. पंधरावीस मुली पायऱ्यांवर बसल्या होत्या आणि मधे उभी राहून कांचन बोलत होती, पाठ त्यांच्याकडे थोडी वळलेली.

"फिर काशिनाथ काका बोले, बेटा, तू तो मटेरियल है।"

मुली हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नरहररावांनाही नकळत हसू आलं. कांचन त्यांची नक्कल करत होती. चष्मा काढणं, पुसणं, हिरवं पेन उघडणं, सगळं हुबेहूब. "और बत्तीसवां सवाल, क्या आपका स्कूल ओमान में है?" पुन्हा हसण्याची लाट आली. एक मुलगी म्हणाली, "लीला को सुनाओ, वो नई है, उसने नहीं सुना।" म्हणजे ही गोष्ट रोजची होती. नरहरराव एक पाऊल पुढे सरकले तेव्हा त्यांना मुलीचा चेहरा नीट दिसला. हसत नव्हती ती एकटी कांचन.

तिनं त्यांना पाहिलं. मुली गप्प झाल्या आणि एकेक करून उठून गेल्या.

"आई बरी आहे ना?" तिनं पहिल्यांदा हे विचारलं.

"बरी आहे. मी तुला न्यायला आलोय. आपल्या शाळेत जागा झाली."

ती पायरीवर बसली. तेही बसले, एक पायरी खाली.

"इथं प्रत्येकीला आपल्याला का पाठवलं ते सांगावं लागतं," कांचन म्हणाली. "एकीची आई वारली. एकीचे पप्पा जंगलात नोकरी करतात. माझं सांगितलं तर सब हँसते हैं."

नरहररावांनी चष्म्याकडे नेलेला हात खाली घेतला.

"बाबा, मी तुम्हाला नको होते का?"

"नाही गं बाळा." ते म्हणाले. "तसं कसं होईल? मला चूक व्हायला नको होती."

"झाली ना पण."

"झाली."

ती बराच वेळ बोटाला रिबीन गुंडाळत राहिली. खाली फाटकापाशी बस येऊन उभी राहिली होती आणि कंडक्टर पिपरिया, पिपरिया म्हणून ओरडत होता.

"उद्या सांगते," कांचन म्हणाली. "येईन की नाही ते. चालेल?"

खिशात चिठ्ठी होती. ती काढून दाखवली असती, मुदत सांगितली असती, तर ती आत्ताच्या आत्ता उठली असती. शहाणी मुलगी होती ती. नरहररावांनी खिशावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"चालेल," ते म्हणाले. "सावकाश सांग."

रात्री ते बाजारातल्या धर्मशाळेत राहिले. सोमवारी सकाळी आठला फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसले. नऊ वाजले, दहा वाजले. अकरा वाजले तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं, आणि नंतर पुन्हा पाहिलं नाही. साडेबाराच्या सुमारास कांचन ट्रंकेचं एक टोक धरून आणि दुसरं टोक एका मैत्रिणीला धरायला लावून बाहेर आली.

"चला," ती म्हणाली.

बस उतारानं निघाली. कांचन खिडकीशी बसली होती. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर तिनं विचारलं, "शाळेत कधीपासून जायचं? उद्यापासून?"

"शाळा नाहीये," नरहरराव म्हणाले. "आज अकरापर्यंत होती."

"मग?"

"मग काय. घरी जाऊ. आई वाट बघतेय."

"आणि शाळा?"

"बघू."

हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. ती वळून त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?" ती म्हणाली, आणि तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.